नारळी पौर्णिमेला तलावाकाठी मासोळी महोत्सव : पापलेट आणावा की आपलीच मरळ?

बोडीवाला

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या एका गावाचा बेत आहे, त्यावर जाणकारांची मतं हवीत. गावाला मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातला) तलाव आहे, ढिवरांची (मासेमारांची) वीस-बावीस घरं आहेत, तलावाचा ठेका त्यांच्याच संस्थेकडे आहे. कोकणात दर्याचा आणि मासळीचा उत्सव करतात तसा आपल्याकडे राखीपोर्णिमेला, म्हणजे तिकडच्या नारळी पौर्णिमेला करायचा. सकाळी डोंग्यांची (छोट्या होड्यांची) पूजा, तलावात नारळ, मग डोंग्यांची शर्यत आणि दुपारी जेवण. पाचशे ताटं धरली आहेत. तरुण मंडळींचं म्हणणं, रोहू तर घरोघरी शिजते, तिच्यासाठी पैसे कोण मोजणार? म्हणून नागपूरहून पापलेट, सुरमई आणि बांगडा आणायचा.

समुद्राची मासोळी इथपर्यंत नीट येईल का? पाचशे ताटांना किती लागेल? शर्यत घ्यावी का, घ्यायची तर कशी?

नागपुरी_तर्री

श्रावणात मासोळी महोत्सव? पाचशे ताटं मांडा बाप्पा, पाच जण येतील. तेही तोंडाला दुपट्टा बांधून.

खाडीकाठ

तर्रीभाऊंनी थट्टेत खरी अडचण सांगितली. किनाऱ्यावर नारळी पौर्णिमा हा खाण्याचा सण नाहीच. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. पश्चिम किनाऱ्यावर सरकारी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची. बंदी उठली तरी पुष्कळ कोळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. त्या दिवशी होडीची पूजा होते, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत नेऊन दर्याला देतात आणि मग नवा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी ताटात असतो नारळीभात.

खाण्याचे महोत्सव वेगळे, ते थंडीत भरतात. वेसाव्याचा कोळी सीफूड महोत्सव साधारण जानेवारीच्या आसपास असतो. तेव्हा हवा कोरडी, मासळी भरपूर, जाळी सुरू आणि गिऱ्हाईक मोकळं. तुमच्या मंडळींनी पूजा एका सणाची उचलली आणि ताट दुसऱ्याचं, दोन्ही एकाच तारखेला बसवलं.

सलंग_तुडूम

वरच्याला पूर्ण दुजोरा, आणि तलावाच्या बाजूनं आणखी भर.

राखीपोर्णिमेच्या सुमाराला आपला तलाव कसा असतो ते आठवा. पाऊस बरा झाला असेल तर तुडुंब, सलंगीवरून (सांडव्यावरून) पाणी पडतंय, तुडूम (पाणी सोडायचं दार) बंद. पाणी इतकं पसरलेलं की जाळ्याला मासोळी सापडत नाही. फेकजाळं टाकलं तर दहा फेकीत किलोभर, तेही नशीब असेल तर. शिवाय संस्था नेमकी याच दिवसांत तलावात बोटुकली (बोटाएवढी पिलं) सोडते. रोहू, कतला, मृगळ बांधलेल्या तलावात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. म्हणून बीज विकत आणावं लागतं. हिरालाल चौधुरींनी 10 जुलै 1957 रोजी इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन ओडिशात यशस्वी केलं, तेव्हापासून हा धंदा उभा राहिला. बीज आधी मत्स्यजिरे (जिऱ्याएवढी पिलं), मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. ती सोडली त्याच आठवड्यात तलावात जाळं फिरवणार असाल तर पुढच्या वर्षीची मासोळी आजच मारली.

आणि मरळ. तिचं तर पावसाळ्यात घर भरलेलं असतं. काठाच्या गवतात तांबड्या-केशरी रंगाच्या बारीक पिलांचा थवा पाण्यावर उकळल्यासारखा दिसतो, त्याच्या खाली आईबाप राखणीला असतात. थव्यात काठी घातली की मोठी मरळ हल्ला करायला वर येते, आणि पोट्टे तेवढ्यात तिला भोसकतात. एक मरळ ताटात आली, पण अख्खा थवा बेवारस होऊन दुसऱ्या मासोळ्यांच्या पोटात गेला.

तलावाचं पीक निघतं ते धानाला पाणी देऊन झाल्यावर. पौष-माघापासून पाणी पाळीपासून (तलावाच्या बांधापासून) मागं सरकतं, मासोळी गोळा होते, ओढजाळं चालतं. तेव्हा यंदाची रोहू अर्ध्या-पाऊण किलोची झालेली असते आणि मागल्या वर्षीची राहिलेली किलो-दीड किलोची मिळते.

झाडीपट्टी_पडदा

माघच योग्य. वडशाच्या (देसाईगंजच्या) झाडीपट्टी नाटक मंडळींचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो होळीपर्यंत. ज्या रात्री गावात नाटक, त्या संध्याकाळी मासोळीचे स्टॉल. पाहुणे आपोआप येतात, मंडप एकच आणि माईकही तोच.

फक्त एक पथ्य. नाटक पहाटेपर्यंत चालतं. रस्सा रात्री अकराला संपवायचाच, मध्यंतरासाठी गंज (मोठं पातेलं) ठेवायचा नाही. कोमट रस्सा पहाटे तीनला वाढला की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिसरा अंक.

वार रविवार किंवा बुधवार धरा. सोमवार, गुरुवार, शनिवारी निम्मं गाव खात नाही. एकादशी-चतुर्थी पाहून घ्या आणि महाशिवरात्रीच्या आसपास अजिबात नको, अर्धा तालुका मार्कंड्याच्या यात्रेत असतो.

मुंडकंप्रेमी

मंडईत का नाही करत? दिवाळीनंतर प्रत्येक गावात मंडई भरतेच. दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं असतात, पाहुणे असतात.

सलंग_तुडूम

@मुंडकंप्रेमी मंडईच्या वेळी भारी (उशिरा पिकणाऱ्या) धानाला शेवटचं पाणी सुरू असतं, तलावही अजून भरलेला. बोडीतले (छोट्या तळ्यातले) झिंगे मिळतील, पाचशे ताटांची रोहू मिळणार नाही. मग ट्रक आंध्रातून येईल आणि फलक लागेल 'गावच्या तलावाची ताजी मासोळी'. असं सर्रास होतं.

हिशेबनीस

पाचशे ताटांचा हिशेब. सगळ्यांना रस्सा-भात आणि ताटात दोन तुकडे धरू.

एक तुकडा 75 ग्रॅम, दोनाचे 150. म्हणजे 75 किलो तुकडे. रोहू-कतलाचे खवले, आतडी, कल्ले, पर आणि मुंडकं काढल्यावर साधारण 65 टक्के हाती येतं. 75 भागिले 0.65, म्हणजे 115 किलो अख्खी मासोळी. फुटलेले तुकडे आणि पाहुण्यांचे पाहुणे धरून 125 किलो सांगा. एक किलोच्या वरची घ्या. पाव किलोची घेतली तर कापणारे रडतील आणि खाणारे काट्यांनी वैतागतील.

भात माणशी 100 ग्रॅम कच्चा तांदूळ, म्हणजे 50 किलो. एचएमटी घ्या, रश्श्यात मोकळा राहतो. (दादाजी खोब्रागडेंचं हे वाण आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचं, तेव्हा महोत्सवाच्या फलकावर त्यांचं नावही शोभेल.)

कापायला सराईत माणूस तासाला आठ-दहा किलो काढतो. 125 किलोला पाच माणसं धरली तर अडीच ते तीन तास. नवशिके असतील तर दुप्पट. सकाळी सातला मासोळी काठावर हवी, तर बाराला गंज चढेल.

मुंडकंप्रेमी

आणि 115 किलोतली मुंडकी? वीस-पंचवीस किलो होतात! ती फेकणार असाल तर पत्ता कळवा.

हिशेबनीस

तुमच्यासाठी वेगळा स्टॉल. चेष्टा नाही, कतल्याच्या मुंडक्याचा रस्सा वेगळ्या दरानं विकला जातो आणि आधी संपतो. मात्र कल्ले पूर्ण काढायचे. ते राहिले की रस्सा कडवट होतो आणि वासही तिथूनच सुरू होतो.

बोडीवाला

माघाचं पटलं. पण तरुणांचा मुद्दा राहतोच. समुद्राचं नाव घ्यायचं आणि समुद्राची एकही मासोळी नाही, असं कसं? समृद्धी महामार्ग आता पूर्ण झालाय, 701 किलोमीटर. पहाटे मुंबईला लिलाव, रात्री नागपूर.

नागपुरी_तर्री

पापलेटला टोल माफ आहे का विचारून घ्या.

खाडीकाठ

अंतराची भीती उगाच आहे. पापलेट बर्फात नीट राहिला तर आठवडाभर खाण्याजोगा असतो. अडचण नागपूरच्या पुढं. बाजारात पेटी उघडते, बर्फ वितळून मासा पाण्यात तरंगतो, मग छोट्या गाडीत ताडपत्री टाकून दीडशे किलोमीटर. तिथं मासा मरतो, म्हणजे दुसऱ्यांदा.

आणायचाच असेल तर जितकी मासळी तितका बर्फ, वजनाला वजन. थर्माकोलच्या पेटीत तळाला चार बोटं बर्फ, त्यावर माशांचा एक थर, पुन्हा बर्फ, सगळ्यात वर बर्फच. पेटीला खाली भोक ठेवा. वितळलेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे, मासा त्यात भिजत राहिला तर सैल पडतो. बर्फ फोडलेला हवा. मोठे ढेकूळ माशाला टोचतात आणि मध्ये हवा राहते.

बांगडा मात्र यादीतून काढाच. बांगडा, सुरमई, कुपा या जातीचे मासे काही तास उन्हात-गरमीत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. वास येईलच असं नाही. आणि एकदा तयार झालं की शिजवून, तळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं, उलट्या. लोक म्हणतात मासळीची ॲलर्जी झाली. ॲलर्जी नव्हे, बर्फ तुटलेला असतो. पाचशे ताटांत पन्नास जणांना एकदम झालं तर महोत्सव त्या वर्षीच संपला.

झाडीपट्टी_पडदा

समुद्र आपल्याकडे शंभर वर्षं येतोच आहे की, आठवडी बाजारातल्या सुकटीच्या पोत्यात! बोंबील, सुकट, खारे. याला ना बर्फ लागतो ना समृद्धी.

खाडीकाठ

अगदी मनातलं बोललात. बोंबील किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर वाळवतात, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीनं लटकवलेले. साधारण ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या वाऱ्यात. म्हणजे माघात तुमच्याकडे नवा माल असतो, हाही हिशेब जुळतो. नवा बोंबील पांढरट-पिवळसर आणि वाकवला तर कट्कन मोडणारा. तांबूस आणि नरम असेल तर पावसाळा खाल्लेला, घेऊ नका.

करायला सोपा. मुंडी-शेपटी छाटून दोन बोटांचे तुकडे, कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं भाजायचे, मग गरम पाण्यात दहा मिनिटं. जास्त भिजवला तर चिंधी. पाचशे माणसांना चवीपुरता चटणीसारखा द्यायचा तर सात-आठ किलोत भागतं.

नागपुरी_तर्री

सुकटीचा स्टॉल वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. वरच्या बाजूला ठेवलात तर चहावाला तुमच्यावर फौजदारी करेल.

वल्हं_एक

समुद्राचा वारसा म्हणून कोकण कशाला आठवायचं? आपला समुद्र अरबी नाहीच. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिकडची मासेमारीबंदीही वेगळी, 15 एप्रिल ते 14 जून.

दर्यावर्दी पाहिजे तर आपल्याकडे एक आहे, अहीर. लांब सापासारखी, गोड्या पाण्यातली ईल. आयुष्य नदीत काढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते, पिलं उलट नदीनं वर चढत येतात. मोठ्या झिंग्यांचं जरा वेगळं, त्यांच्या पिलांना खाडीचं मचूळ पाणी लागतं. मध्ये बंधारा आला की दोघांची वाट तुटते. गावातल्या पोरांना एक नकाशा काढायला सांगा, तलावाच्या सलंगीतून निघालेलं पाणी समुद्रापर्यंत कुठून कुठून जातं. नारळ द्यायला तेवढं कारण पुरे.

मुंडकंप्रेमी

बाम आणि अहीर एकच ना?

वल्हं_एक

नाही. बामीच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते आणि तोंड टोकदार. अहिरीला पाठीवर काटे नाहीत, पर सलग शेपटीपर्यंत. बाम समुद्रात जात नाही. चवीला दोन्ही उत्तम, पण अहीर जाळ्यात आली तर महोत्सवात मिरवा आणि परत सोडा.

सलंग_तुडूम

जाती निघाल्याच आहेत तर एक इशारा. वाघूर म्हणून बाजारात मोठ्या मोठ्या मिशीवाल्या मासोळ्या येतात, दोन-दोन तीन-तीन किलोच्या. तो आपला वाघूर नव्हे, तो विदेशी मागूर, ज्याला थाई मागूर म्हणतात. पाळायला आणि विकायला देशात बंदी आहे, कारण तलावात सुटला की इतर मासोळ्या फस्त करतो. आपला वाघूर पाव-अर्ध्या किलोच्या आसपास. महोत्सवाच्या आदल्या दिवशी कुणी 'स्वस्तात जिवंत वाघूर देतो' म्हणत टाकी घेऊन आला तर दारातून परत पाठवा. जिवंत असल्यामुळे लोक फसतात.

आंध्राची बर्फातली रोहू ओळखायची तर कल्ला उचला. ताजीचा लालभडक, बर्फातलीचा फिकट किंवा तपकिरी. डोळा आत गेलेला. बोटानं दाबलं तर खळगा राहतो. मरून काही तासच झालेली रोहू हातात आडवी धरली तर काठीसारखी ताठ राहते. बर्फातली खाण्यात वाईट असते असं नाही, पण गावच्या नावावर विकू नये.

नागपुरी_तर्री

पापलेटचा एक मुद्दा राहिला. 2023 मध्ये रूपेरी पापलेट राज्य मासा जाहीर झाला, तेव्हा मत्स्यव्यवसाय खातं सुधीर मुनगंटीवारांकडे होतं, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याकडे. समुद्र नसलेल्या जिल्ह्यानं समुद्राच्या माशाला पद दिलं. आता मरळीनं कुणाकडे दाद मागायची?

बोडीवाला

😄 मरळीचं निवेदन महोत्सवात स्वीकारू.

तलावाच्या रोहूला चिखलाचा वास येतो अशी तक्रार असते. त्यावर काय? आणि पाचशे जणांचा रस्सा एकदम करताना तुकडे फुटतात.

गंज_आणि_सराटा

वासाचं कारण चिखल नाही, हिरवं-निळं शेवाळ. त्यातला पदार्थ मासोळीच्या कातडीत आणि चरबीत बसतो. पाणी उतरलं आणि ऊन वाढलं की जास्त, म्हणून चैत्र-वैशाखातली मासोळी अधिक वासाची. माघात त्रास कमी. शक्य असेल तर पकडलेली मासोळी दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात जाळ्याच्या पिंजऱ्यात उपाशी ठेवा, वास कमी होतो. नाही जमलं तर कापताना पोटाच्या आतलं काळं अस्तर नखानं खरवडून काढायचं आणि मणक्याला चिकटलेलं रक्त धुवायचं. मग मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून वीस मिनिटं. तासभर ठेवलं तर मांस घट्ट होऊन कोरडं पडतं.

एका गंजाला 25 किलो तुकडे, त्याच्या वर जायचं नाही. म्हणजे तीन गंज. एका गंजाचं प्रमाण: कांदा 5 किलो, सुकं खोबरं 1 किलो, लसूण-आलं मिळून 1 किलो, धने 300 ग्रॅम, तिखट 400 ते 500 ग्रॅम, हळद 100 ग्रॅम, चिंच 400 ग्रॅम, तेल अडीच लिटर, पाणी 15 ते 18 लिटर. मीठ तुकड्यांना लावताना पावणेचारशे ग्रॅम आणि रश्श्यात साधारण दोनशे, ते शेवटी चाखून. कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजून वाटा. कांदा कच्चा राहिला तर रस्सा गोडसर लागतो, आणि खोबरं करपलं तर सगळा गंज कडू, तो सुधारत नाही.

तुकडे फुटतात ते ढवळल्यानं. घरी आपण भांडं हलवतो, पन्नास लिटरचा गंज कोण हलवणार? म्हणून उभा गंज नको, पसरट घ्या. वाटण तेल सुटेपर्यंत परतून, पाणी घालून खळखळ उकळू द्या. मग तुकडे एकेक करून सोडा, दोन थरांच्या वर नाही. परत उकळी आली की जाळ ओढून घ्या, दहा-बारा मिनिटं. या वेळात सराटा (उलथणं) हात लावायला मिळणार नाही अशा जागी ठेवा. प्रत्येक गावात एक माणूस असतोच, ज्याला गंज दिसला की ढवळल्याशिवाय चैन पडत नाही. त्याला भाताकडे पाठवा.

मुंडकंप्रेमी

आणि तळलेली? रोहूचे काटे पाहून शहरी पाहुणे घाबरतात.

गंज_आणि_सराटा

तळायला रोहू घ्यायची तर तुकड्याला पाठीकडून आडवे बारीक छेद द्या, तीन-चार मिलिमीटरवर एक, कातडीपर्यंत पण कातडी न कापता. मांसातले बारीक काटे तुटतात आणि तेलात कुरकुरीत होऊन खाल्ले जातात. नाहीतर मरळ तळा, काटे जवळजवळ नाहीतच. पण मरळ महाग आणि थोडी, शंभर ताटांच्या वर विचारही नको.

कढईत एका वेळी किलोभरच. गर्दीला पाहून दोन किलो टाकले की तेल थंड पडतं, पीठ सुटतं, तुकडा तेल पितो. रांग थांबू द्या, तेल थांबू देऊ नका.

डोंगा_दोरी

शर्यतीवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. श्रावणात शर्यत नकोच. सलंग वाहत असताना त्या बाजूला ओढ असते, वरून पाणी शांत दिसतं. डोंगा आडवा होऊन सलंगीकडे गेला की वल्ह्याचा उपयोग नाही.

माघात घ्या, पण अशी. मार्ग पाळीला समांतर, सरळ, शंभर-दीडशे मीटर. वळण ठेवायचं नाही, डोंगा उलटतो तो वळणावर. सगळे डोंगे एकदम सोडायचे नाहीत. एकाच गावात एक लांब, एक बुटका, एक गळका असतो, एकत्र सोडून कोण जिंकला कळत नाही आणि वल्ही वल्ह्यांत अडकतात. दोन-दोन सोडा, मध्ये दहा मीटर अंतर, दुसऱ्या फेरीत डोंगे अदलाबदल करा आणि दोन्ही फेऱ्यांची वेळ मिळवा. म्हणजे माणूस जिंकतो, लाकूड नाही.

आदल्या दिवशी बांबू घेऊन सगळा मार्ग चाचपायचा. पाणी उतरल्यावर बुडालेली खुंटं वर येतात, वरून दिसत नाहीत. कमळाचे देठ आणि शिंगाड्याचे वेल कापून मार्ग मोकळा करा. पडलेल्या माणसाच्या पायाला देठ गुंडाळले तर पट्टीचा पोहणाराही अडकतो. खुणेला रिकामे प्लास्टिक कॅन, दोरीनं दगडाला बांधून.

डोंग्यात दोनच माणसं. बसल्यावर काठ पाण्याच्या वर किमान एक वीत राहिला पाहिजे. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही, आणि कमरेचा पट्टा बांधलेला. नुसतं गळ्यात घातलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून वर तरंगतं. दोन्ही टोकांना एक-एक रिकामा डोंगा, त्यात दोरी. शर्यत सकाळी आठच्या आत, वारा सुटायच्या आधी आणि बाटल्या उघडायच्याही आधी.

पुढाऱ्यांची 'उद्घाटनाची फेरी' हा सर्वात धोक्याचा भाग. आठ जण उभे, हार, फोटोवाला एका बाजूला, आणि सगळे त्याच्याकडे झुकतात. त्यांना पाळीवरच खुर्ची द्या.

नागपुरी_तर्री

पुढाऱ्यांनाही जॅकेट द्या, हार त्यावरून घाला.

सलंग_तुडूम

पैशाचं एक स्पष्ट व्हावं. तलावातली मासोळी संस्थेची आहे, ठेका त्यांनी भरलाय, बीज त्यांनी सोडलंय. महोत्सवात 'गावचा सहभाग' म्हणून ढिवरांकडून मासोळी फुकट, डोंगे फुकट, कापणं फुकट, आणि सत्काराला शाल तिसऱ्याच्याच खांद्यावर, असं होत असेल तर करूच नका. मासोळीला काठावरचा बाजारभाव, डोंग्याला भाडं, कापणाऱ्या बायांना किलोवर मजुरी, आणि हे आधी कागदावर. स्टॉलमध्ये पहिला हक्क त्यांचा.

हिशेबनीस

सहमत. आणि घाणीचाही हिशेब धरा. 125 किलोतून मुंडकी सोडली तरी वीसेक किलो खवले-आतडी निघते. ती तलावात ढकलायची नाही. पाणी कुजतं, आणि पुढचे आठ दिवस कुत्री पाळीवरून हटत नाहीत. कंबरभर खड्डा, थरावर चुना, वर माती. स्टॉलवाल्यांची अन्न खात्याकडची नोंदणी महिनाभर आधी करून घ्या, आदल्या दिवशी धावपळ नको.

मुंडकंप्रेमी

रस्सा पळसाच्या पत्रावळीवर गळतो. द्रोण दुहेरी लावा.

बोडीवाला

सगळ्यांचं वाचून बैठकीत मांडण्यासाठी असं लिहिलंय: राखीपोर्णिमेला फक्त पूजा, नारळ आणि संस्थेच्या बोटुकलीचं पाण्यात सोडणं, जेवण नारळीभात. माघात, नाटकाच्या रविवारी, सकाळी शर्यत आणि संध्याकाळी मासोळी. तलावाची रोहू-कतला, मुंडक्याचा वेगळा स्टॉल, शंभर ताटांपुरती मरळ, समुद्राच्या बाजूनं बोंबील-सुकट. पापलेट रद्द, बांगडा तर नावालाही नको. तरुण मंडळी अजून थोडी रुसलेली आहेत, त्यांना नकाशाचं काम दिलंय.

एकच शंका उरली. नारळ नेमका कुठून टाकायचा? घाटावरून की पाळीच्या मधून?

डोंगा_दोरी

घाटावरून. सलंगीपासून जितका लांब तितका बरा. पाणी वाहत असलं की नारळ सलंगीवरून खालच्या बांधीत पडतात, आणि पोट्टे ते वेचायला धान तुडवतात. मग त्या शेतकऱ्याची समजूत कोण काढणार?

नागपुरी_तर्री

त्यालाही नारळीभात.